कंसातली बारा वचनं, पागेचं जाळं आणि बाकीची पत्रं

गेल्या अंकात मी मार्ककृत शुभवर्तमानावरची, म्हणजे बायबलच्या नव्या करारातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकावरची, भाष्यं कशी वाचायची यावर दोन पानं लिहिली होती. तेव्हा खरंच वाटलं नव्हतं की गोव्यात मराठी वाचणाऱ्या इतक्या लोकांना त्यात रस असेल, पण पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले, एकांनी तर देवळातल्या सप्ताहात गाठून प्रश्न विचारला. त्यातले काही निवडलेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलंय म्हणून फक्त गाव देते. आणि नवीन वाचकांसाठी एवढं सांगते की मी पाद्री वगैरे कोणी नाही, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली, घरात विठ्ठल, आणि निवृत्त झाल्यावर हट्टाने ग्रीक शिकायला बसले ते याच एका पुस्तकासाठी.

प्रश्न (माशेल): ताई, आमचे शेजारी कॅथलिक, दर वर्षी ३ डिसेंबरला त्यांच्याबरोबर मी जुन्या गोव्याला फेस्ताला जातो, आमच्या घरातही सायबाला, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरला, मानतात. शेजाऱ्यांनी मला त्या दिवशीचं वाचन दाखवलं, 'सगळ्या जगात जा आणि शुभवर्तमान सांगा' असं होतं, मार्कचा सोळावा अध्याय. घरी येऊन माझ्याकडच्या नव्या करारात बघितलं तर ती वचनं चौकटी कंसात आणि खाली टीप, की सर्वात जुन्या प्रतींमध्ये हा भाग नाही. मग एवढ्या मोठ्या फेस्ताला नसलेली वचनं वाचतात की काय? शेजाऱ्यांना विचारायला धीर होत नाही, त्यांना वाईट वाटेल.

उत्तर: भाऊ, तुम्ही टीप वाचलीत हेच मोठं, बहुतेक लोक कंस बघतात आणि पुढे जातात. आणि शेजाऱ्यांना विचारा खुशाल, वाईट वाटण्यासारखं यात काही नाही, ते पुढे सांगतेच.

सेंट फ्रान्सिस झेवियरच्या दिवसासाठी चर्चच्या वाचनांत मार्क १६:१५ ते २० हा भाग नेमलाय हे बरोबर आहे. मिशनरी माणूस, त्याला तेच वचन शोभतं. आणि हा भाग ज्या बारा वचनांतला आहे, म्हणजे १६:९ ते २०, ती बारा वचनं मार्कच्या मूळ लिखाणातली नाहीत, नंतर कोणीतरी जोडलीत, असं आज बहुतेक सगळे भाष्यकार म्हणतात, त्यात कॅथलिक भाष्यकारही आले.

आता हे कशावरून म्हणतात ते बघा, कारण नुसतं 'अभ्यासक म्हणतात' यावर कोणी विश्वास का ठेवावा. नव्या कराराच्या ज्या सर्वात जुन्या जवळजवळ पूर्ण प्रती आहेत त्यातल्या दोन चौथ्या शतकातल्या, एक कोडेक्स व्हॅटिकानस, रोमला व्हॅटिकनच्या ग्रंथालयात, दुसरी कोडेक्स सिनायटिकस, जी सिनाय पर्वताजवळच्या सेंट कॅथरीन मठात होती आणि आता तिचा मोठा भाग लंडनला आहे. दोन्हीत मार्क आठव्या वचनावर संपतो. व्हॅटिकानसचं ते पान मी छायाचित्रात पाहिलंय. पानावर तीन रकाने असतात, मार्क दुसऱ्या रकान्यात संपतो, आणि या प्रतीची रीत अशी की एक पुस्तक संपलं की पुढच्या रकान्यात दुसरं सुरू, पण इथे तिसरा रकाना अख्खा कोरा सोडलाय आणि लूक पुढच्या पानावर सुरू केलाय. लिहिणाऱ्याला माहीत असावं की काही प्रतींत इथे अजून मजकूर आहे, आणि त्याच्या पुढ्यातल्या प्रतीत नव्हता, असं बरेच जण मानतात. सोळाशे वर्षांपूर्वी कोणीतरी लेखणी हातात धरून तिथे थांबला असेल, ती कोरी जागा बघून मला नेहमी गलबलून येतं.

मग आतला पुरावा. आठव्या वचनापर्यंत मग्दालीया मरीया तीनदा येऊन गेलीय, क्रुसाजवळ, पुरताना आणि कबरीवर, आणि नवव्या वचनात तिची ओळख नव्याने करून देतात, 'जिच्यातून सात भुतं काढली होती ती', जणू आत्ताच पहिल्यांदा आली. भाषाही वेगळी पडते, मार्कने आधी कुठेच न वापरलेले शब्द दाटीने येतात. आणि मजकूर बघितला तर लूक, योहान, प्रेषितांची कृत्ये यातल्या गोष्टींचा गोषवारा वाटतो.

आता हे सगळं आपल्याला नवीन आहे का? मी वर्गात ज्ञानेश्वरी शिकवली तेव्हा दर वर्षी एकनाथांचं सांगायची. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, आणि एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला, कारण मधल्या तीनशे वर्षांत नकलांमधून चुका शिरल्या होत्या. आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. गंमत म्हणजे मार्क लिहिला गेला साधारण इसवी सन ७० च्या आसपास आणि व्हॅटिकानस-सिनायटिकस चौथ्या शतकातल्या, म्हणजे मधलं अंतर इथेही तीनशेच्या जवळपासच. एकनाथांनी जे केलं तेच काम हे भाष्यकार करतायत, आणि एकनाथांनी ते केलं म्हणून ज्ञानेश्वरीवरची कोणाची श्रद्धा कमी झाली नाही.

पण नरोटी हा शब्द मी या बारा वचनांना लावणार नाही, तिथे माझं एकनाथांपेक्षा वेगळं मत पडतं. कारण ही वचनं खूप जुनी आहेत. इरेनियस नावाच्या बिशपने साधारण इसवी सन १८० मध्ये १६:१९ मार्कच्या नावाने दिलंय, म्हणजे दुसऱ्या शतकातच ती मार्कला जोडलेली होती, आपल्या हातातल्या सर्वात जुन्या पूर्ण प्रतींपेक्षाही दीड-दोनशे वर्षं आधी. आणि कॅथलिक चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत बायबलची पुस्तकं त्यांच्या सगळ्या भागांसकट पवित्र मानली, त्यात ही आली. 'मार्कने स्वतः लिहिलं का' हा एक प्रश्न आणि 'चर्चचं पवित्र वचन आहे का' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुधा नाही, दुसऱ्याचं हो. १९४३ मध्ये पोप पायस बारावे यांनी तर अभ्यासकांना मूळ भाषा आणि हस्तलिखितांकडे जायला उघड प्रोत्साहन दिलं. तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांच्या पाद्रींना ही टीप सेमिनरीतच शिकवलेली असणार, निर्धास्त विचारा.

आता मला ज्याच्याबद्दल बोलायचंय ते, म्हणजे आठवं वचन. कंस काढले तर मार्क संपतो कुठे? तिघी बायका, मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे, पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे जातात, वाटेत काळजी एकच की धोंड कोण लोटणार, जाऊन बघतात तर लोटलेली, आत पांढऱ्या झग्यातला तरुण म्हणतो घाबरू नका, तो उठलाय, गालीलात भेटेल, जाऊन शिष्यांना सांगा. आणि त्या पळतात, कापत, आणि कोणाला काही सांगत नाहीत. शेवटचे दोन ग्रीक शब्द, 'एफोबून्तो गार'. यातला 'गार' म्हणजे 'कारण', पण ग्रीकमध्ये तो वाक्यात पहिला येत नाही, मागे लागतो. मराठी भाषांतरात 'कारण त्या भ्याल्या होत्या' असं येतं, अर्थ बरोबर आहे, पण तो मागे लागलेला 'गार' ऐकू येत नाही. मला विचाराल तर आपल्या बोलण्यातला 'ना' त्याच्या जास्त जवळचा, 'घाबरल्या होत्या ना!' आणि पुस्तक संपलं.

असं 'गार' वर पुस्तक संपू शकतं का यावर विद्वानांनी खूप वाद घातला, काही म्हणाले शेवटचं पान फाटून गेलं असणार. पण १९७२ मध्ये व्हान डर होर्स्ट या अभ्यासकांनी दाखवून दिलं की ग्रीक तत्त्वज्ञ प्लोटिनसचा एक ग्रंथभाग 'गार' वरच संपतो. आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायात सारा हसली आणि मग 'मी नाही हसले' म्हणाली, तिथेही कारण दिलंय 'एफोबेथे गार', घाबरली होती ना. देवाची न पटणारी चांगली बातमी ऐकून घाबरलेली बाई, तिथे आणि इथे. हे मार्कच्या मनात होतं का कोण सांगणार, पण माझं स्वतःचं मत पक्कं होत चाललंय की तो तिथेच थांबला, मुद्दाम. पान फाटलं नाही.

आणि एक बारीक गोष्ट, तुमच्या शेजाऱ्यांनाही कदाचित लक्षात आली नसेल. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, त्यात 'बी' वर्ष मार्कचं. त्या वर्षी ईस्टरच्या जागरणाच्या रात्री मार्क १६:१ ते ७ वाचतात. सात. आठवं नाही. सणाच्या रात्री लोकांना भीतीवर घरी पाठवायचं नसेल, समजू शकते मी, पण मला मात्र त्या रात्री आठवंच ऐकावंसं वाटतं.

प्रश्न (केरी, पेडणे): मी मासेमारीच्या घरातला. येशूचे पहिले शिष्य मच्छीमार हे सगळ्यांना माहीत. पण बायबलात सगळीकडे नुसतं 'जाळं'. आमच्याकडे पाग वेगळी, रापण वेगळी, कांडाळ वेगळी. एकटा माणूस रापण घालत नाही. त्या लोकांकडे नक्की कुठलं जाळं होतं हे कोणी अभ्यासकाने लिहिलंय का? आणि गालीलचा समुद्र म्हणजे केवढा?

उत्तर: हे पत्र मी तीनदा वाचलं. असा प्रश्न मच्छीमाराच्या घरातूनच येऊ शकतो, मला वीस वर्षांत सुचला नसता.

लिहिलंय, अगदी लिहिलंय. ग्रीक शुभवर्तमानांत जाळ्याला तीन शब्द आहेत आणि मराठीत तिन्हींचं 'जाळं' झालंय. एक 'दिक्तुऑन', म्हणजे सरसकट कुठलंही जाळं. दुसरा 'अम्फिब्लेस्त्रॉन', एकट्याने फेकायचं गोल जाळं, कडेला वजनं, वर्तुळ उघडून पाण्यावर पडतं आणि बुडतं, म्हणजे तुमची पाग. तिसरा 'सागेने', लांबच लांब ओढायचं जाळं, अनेक माणसं लागतात, किनाऱ्याला ओढून आणायचं आणि बसून चांगले मासे टोपल्यांत, वाईट टाकून द्यायचे, मत्तय १३:४७ मधला दाखला हाच. ती तुमची रापण, भाऊ. तो दाखला मराठीत वाचताना कोणालाही एक माणूस जाळं घेऊन बसलाय असं वाटतं, पण ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आख्खा गाव दोर ओढताना आला असणार, आणि मग वाळूवर बसून निवडणं.

आता मार्क १:१६. येशू किनाऱ्याने जाताना शिमोन आणि अंद्रिया यांना बघतो. तिथे मार्क जाळं हा शब्दच वापरत नाही! नुसतं क्रियापद, 'अम्फिबालोन्तास', म्हणजे अक्षरशः 'इकडेतिकडे फेकत असलेले'. मत्तयने तीच गोष्ट लिहिताना त्यात नाम घातलं, 'अम्फिब्लेस्त्रॉन फेकत असलेले', वाचकाला कळावं म्हणून. इंग्रजी भाष्यकारांना इथे समजावून सांगायला ओळी लागतात, कारण त्यांच्याकडे त्या एका कामाला एक क्रियापद नाही. तुमच्याकडे आहे. 'शिमोन आणि अंद्रिया पागत होते.' संपलं, मार्कचं वाक्य एका शब्दात मराठीत आलं.

(जाता जाता, अशाच जागांवरून अभ्यासक म्हणतात की मार्क आधीचा आणि मत्तयने तो समोर ठेवून लिहिलं. अडखळायला होईल तिथे मत्तय ओळ गुळगुळीत करतो. उलट झालं असतं, मार्कने मत्तयचं नाम मुद्दाम काढून टाकलं असतं, हे पटायला कठीण.)

पुढे वचन १९-२० मध्ये जब्दीचे मुलगे, याकोब आणि योहान, होडीत बसून जाळी नीट करतायत, आणि बापाला होडीत 'मजुरांबरोबर' सोडून निघतात. मजूर हा शब्द फक्त मार्कमध्ये आहे. म्हणजे शिमोन-अंद्रिया पागणारे, आणि जब्दी होडीवाला, पगारी माणसं ठेवणारा. यावरून दोन घरांच्या ऐपतीत फरक होता असं काही भाष्यकार म्हणतात, काही म्हणतात एवढ्यावरून ठरवू नका, शिमोनकडेही पुढे होडी दिसतेच. तुमचं मत काय ते जरूर कळवा, पागणाऱ्याकडे होडी असते की नसते हे तुम्हाला जास्त माहीत.

समुद्र म्हणाल तर तो गोड्या पाण्याचा तलाव, साधारण २१ किलोमीटर लांब आणि १३ रुंद, समुद्रसपाटीपेक्षा २०० मीटरहून जास्त खाली. मार्क त्याला समुद्र म्हणतो, लूक तलाव म्हणतो. लूकने बाहेरचं जग पाहिलेलं असावं. १९८६ साली दुष्काळात पाणी मागे हटलं तेव्हा गिनोसारजवळ चिखलात दोघा भावांना एक जुनी होडी सापडली, साधारण येशूच्या काळातली, सुमारे ८.२ मीटर लांब आणि २.३ मीटर रुंद, आणि तिच्यात डझनभर जातींची लाकडं, म्हणजे मिळेल त्या फळीने दुरुस्त करत करत वापरलेली. आता मार्कचा चौथा अध्याय वाचा, वादळ, होडीत पाणी भरतंय, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलाय. ती उशीसुद्धा फक्त मार्कमध्ये आहे.

आणि मग्दालीया मरीयेचं गाव मग्दाला. बहुतेक अभ्यासक मानतात की ग्रीकमध्ये 'तारिखेआय' म्हणून जे गाव येतं ते हेच, आणि त्या नावाचा अर्थ मासळी खारवायची जागा. पावसाळ्यासाठी पुरुमेंत (सुक्या मासळीसकट सगळी बेगमी) भरणाऱ्या कुठल्याही गोंयकाराला त्या गावाचा वास आला पाहिजे.

प्रश्न (साखळी): शिक्षिका आहे. याईराच्या मेलेल्या मुलीला येशू उठवतो त्या गोष्टीत तो तिला 'तलीथा कूम' म्हणतो आणि लगेच अर्थ दिलेला आहे. आख्खं पुस्तक ग्रीकमध्ये, येशू अरामी बोलायचा, तर मग दोनच शब्द तसेच का ठेवले? मंत्र म्हणून का?

उत्तर: मंत्र म्हणून ठेवले असं पूर्वी काही जण म्हणायचे, कारण त्या काळच्या जादूटोण्याच्या ग्रीक पोथ्यांत परके शब्द येतात. पण मंत्राचा कोणी अर्थ सांगत बसत नाही आणि मार्क लगेच सांगतो, 'मुली, तुला सांगतो, ऊठ'. शिवाय शब्द अगदी घरगुती आहेत, आई सकाळी पोरीला उठवताना म्हणेल असे.

तुम्ही साखळीच्या, म्हणजे घरात कोंकणी आणि पुस्तकात मराठी हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माझी आजी गेली त्या रात्री मला जवळ बोलावून म्हणाली, 'बाये, जेवलें गो?' मी आयुष्यभर मराठीत लिहिते, आजीवर मराठीत दोन लेख लिहिलेत, पण ते वाक्य दोन्ही वेळा कोंकणीतच ठेवलं. भाषांतर करता येत नव्हतं असं नाही, 'बाळ, जेवलीस का' एवढंच तर आहे, पण मग ती आजी राहत नाही. मार्कपर्यंत ही गोष्ट ज्याच्याकडून आली त्याच्या कानात ते दोन शब्द राहिले असावेत असं मला वाटतं, पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. असे शब्द मार्कमध्ये अजून आहेत, बहिऱ्याला 'एफ्फाथा' (उघड), अटकेआधी गेथशेमानेत 'अब्बा' (बापा), क्रुसावर 'एलोई, एलोई, लमा सबख्थानी' (माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस). सगळे जीव कासावीस झालेल्या जागांवरचे.

आणि यात हस्तलिखितांचा एक गोड प्रश्न आहे, व्याकरण शिकवणाऱ्यांना आवडेल. जुन्या प्रतींत 'कूम', नंतरच्या बऱ्याच प्रतींत 'कूमी'. अरामीत मुलीला सांगताना शुद्ध रूप 'कूमी', पण रोजच्या बोलण्यात शेवटचा 'ई' गळून पुल्लिंगीसारखं 'कूम' म्हणायचे. म्हणजे मूळ बोलीतलं, आणि नंतर कोणा शिकलेल्या नकलकाराने ते 'सुधारलं'. आपण मास्तर लोक पोरांच्या वहीत लाल पेनाने हेच करतो. भाष्यकार बोलीतलं रूप मूळ धरतात, नियमच आहे तसा, अवघड आणि खडबडीत पाठ बहुधा जुना.

गोष्टीचा शेवट वाचलात ना? मुलगी उठते, बारा वर्षांची, सगळे थक्क, आणि येशू म्हणतो तिला काहीतरी खायला द्या. आजीचं वाक्य मला म्हणूनच आठवलं.

प्रश्न (वाळपई): मार्क हा पेत्राचा, म्हणजे येशूचा शिष्य शिमोन याचा, लेखनिक होता हे खरं का? की नावं नंतर लावली?

उत्तर: पुस्तकात लेखकाचं नाव कुठेच नाही. वरचं शीर्षक नंतरचं, आणि ग्रीकमध्ये ते 'काता मार्कोन', म्हणजे 'मार्कप्रमाणे'. मराठीत 'मार्ककृत' झालं आणि 'कृत' म्हटलं की सहीच झाली, ग्रीक तेवढं ठामपणे बोलत नाही. पेत्राचा दुभाषा ही गोष्ट पापियास नावाच्या बिशपची, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची, त्याचा ग्रंथ हरवला आणि ते वाक्य चौथ्या शतकातल्या युसेबियसने उतरवून ठेवलं म्हणून उरलं. त्यातच असंही आहे की मार्कने जे आठवलं ते अचूक लिहिलं पण क्रमाने नाही. काही भाष्यकार हे मान्य करतात, काही नाही, मी मधे आहे.

पण लेखक कोण यापेक्षा वाचक कोण हे पुस्तकातून जास्त स्पष्ट दिसतं आणि मला ते शोधायला आवडतं. गरीब विधवा दानपेटीत दोन नाणी टाकते (१२:४२), जुन्या मराठी भाषांतरात 'दोन टोल्या म्हणजे एक दमडी'. ग्रीकमध्ये दोन 'लेप्ता', आणि पुढे मार्क समजावतो, म्हणजे एक 'कोद्रान्तेस', हा शब्द लॅटिन 'क्वाद्रान्स', रोमन नाणं. माझी आजी पोर्तुगीज काळातला हिशेब तंग्यात सांगायची आणि आमची तोंडं बघून 'म्हणजे आणा गो' असं जोडायची, सोळा तंग्यांचा रुपया. तिने काय जोडलं यावरून समोर कुठली पिढी बसलीय ते कळायचं. मार्कपुढेही रोमन पैशात विचार करणारे लोक बसलेत. सातव्या अध्यायात यहुदी लोक जेवणाआधी हात का धुतात हेही तो समजावतो, यहुद्याला यहुद्याने हे सांगितलं नसतं. म्हणून रोम म्हणतात बरेच जण, काही जण सिरिया म्हणतात, रोमन नाणी आणि लॅटिन शब्द तिथेही पोचले होतेच.

प्रश्न (फोंडा): आपल्याकडे फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण मराठीत, ओवीत असताना इंग्रजी भाष्यं कशाला वाचायची?

उत्तर: दोन्ही वाचायची. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, इंग्लंडमधून आलेला जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि आपल्या भाषेत जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहून गेला, त्यापुढे मी काय बोलणार. पण ते भाष्य नव्हे. स्टीफन्सने चारही शुभवर्तमानांची मिळून एक सलग कथा केली, मार्क, मत्तय, लूक, योहान एकमेकांत विरघळले. भाष्यकाराचं काम उलटं, विरघळलेलं परत वेगळं करून एकेकाचा आवाज ऐकणं. मार्कची उशी, मार्कचे मजूर, 'गार' वरचा शेवट, हे एकत्र केलेल्या कथेत हरवणारच, हजार-पंधराशे वर्षं मार्कचं तेच झालं. ऑगस्टीन या जुन्या बिशपने त्याला मत्तयचा संक्षेप करणारा म्हटलं आणि मग त्याच्यावर वेगळं भाष्य लिहायची फारशी कोणाला गरज वाटली नाही, १८३५ नंतर जर्मन अभ्यासकांनी मार्क आधीचा असं मांडायला लागेपर्यंत.

आणि ख्रिस्तपुराणाचीही गोष्ट हस्तलिखितांचीच आहे बरं का. १६१६ ची छापील प्रत आज हाती नाही, लोकांनी हाताने उतरवलेल्या प्रतींवरून १९०७ मध्ये मंगळूरला सालदान्यांनी ते परत छापलं, आणि लंडनला देवनागरीतली एक वेगळी प्रत आहे, दोन्हींत पाठभेद आहेत. फोंड्यातल्या एखाद्या एम.ए.च्या मुलाने ते पाठभेद शेजारी शेजारी मांडायला घेतले तर मी माझ्याकडचं सगळं देईन, मनापासून सांगते.

प्रश्न (म्हापसा, विद्यार्थिनी): भाष्य वाचायचंय, कुठून सुरुवात करू? पुस्तकं फार महाग आहेत.

उत्तर: आधी भाष्य नको. मार्क मराठीत एका बैठकीत मोठ्याने वाच, सोळाच अध्याय, दीड-दोन तास लागतील. मग एक खंडी भाष्य घे, मॉर्ना हूकरचं १९९१ चं आहे, इंग्रजी सोपं आहे. जोएल मार्कसचे दोन खंड आणि आडेला यार्ब्रो कॉलिन्सचं जाडजूड २००७ चं हे नंतर, आणि विकत घेऊ नको, पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात किंवा पर्वरीच्या झेवियर सेंटरला जाऊन काय मिळतं ते विचार. भाष्य पहिल्या पानापासून वाचायचं नसतं. आपल्याला अडलेलं एक वचन घ्यायचं आणि त्याच्यावरची पानं काढायची, तुला कुठे अडतं तिथून सुरू.

आणि पहिल्यांदा वाचताना हातात पेन्सिल असू दे. 'लगेच', 'लागलाच', 'तत्काळ' असं जिथे येईल तिथे खूण कर. ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, 'एउथुस', आणि सबंध मार्कमध्ये चाळीसेक वेळा येतो. मराठीत काही ठिकाणी गाळलाय, काही ठिकाणी बदललाय, म्हणून कमी भरतील. पहिल्याच अध्यायात तुला किती मिळाले ते मोजून मला कळव, ग्रीकमधले कुठले निसटले ते आपण बसून बघू.